दिवाळीच्या लव्हस्टोरीचं कव्हर पहिल्यांदाच करून घेताय? मग हे वाचा

कव्हर फायनल झालं एकदाचं, आणि मी सकाळपासून कामधाम सोडून मोबाईलवर तेच उघडून बघतेय. 'पाडव्यापर्यंत थांब' असं नाव आहे, छोटी कादंबरी, वसुबारसेला सुरू होते आणि पाडव्याला संपते, सगळी आपल्या नाशकातच घडते. कव्हरवर गोदाघाट आहे, तिन्हीसांजेची वेळ, ती पायरीवर पणती लावतेय आणि तो दोन पायऱ्या खाली उभा राहून हातानं वारा अडवतोय, बास एवढंच. मिठी नाही की काही नाही, पण बघितलं की कळतं ह्यांचं काहीतरी आहे. आईला दाखवलं तर म्हणाली, "पोरगा बरा दिसतोय, करतो काय?" म्हणजे कव्हर पास!

तर माझ्या ओळखीत बऱ्याच जणी पहिलं पुस्तक लिहितायत आणि सगळ्यांचे प्रश्न सेम, कव्हर कुणाकडून करायचं, किती आधी, डिझायनरला सांगायचं काय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांसाठी आहे. प्रकाशकाकडून येत असेल तर यातलं निम्मं तो बघतो, तरी वाचा, कारण प्रूफ (छापण्याआधी तपासायचा नमुना) तुमच्याकडे येणारच आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते, कधी नोव्हेंबरात, त्यामुळे "गेल्या वर्षी ह्या तारखेला केलं होतं" हा हिशोब चालत नाही, सणावरून उलटं मोजायचं. आपल्याकडे दिवाळीला वाचायला काहीतरी विकत घ्यायची सवय जुनीच, का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला १९०९ साली, तेव्हापासूनची. वाचक तेव्हा खिशात हात घालतो हे चांगलंच, पण त्याच सवयीमुळे प्रेसवाले त्या दिवसांत कुणाला सापडत नाहीत. गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल, मग दिवाळी अंक, त्याच्या पाठोपाठ कॅलेंडर आणि डायऱ्या. तुमची तीनशे प्रतींची ऑर्डर ह्या रांगेत सगळ्यात मागे उभी राहणार, हे गृहीतच धरा.

म्हणून माझा नियम असा, की डिझायनरशी बोलणी आषाढी एकादशीच्या आसपास आणि प्रिंटची फाइल तयार गणपती बसायच्या आत. ईबुक असेल तर प्रेसचं टेन्शन नाही, पण प्रीऑर्डर लावायची असेल तर कव्हर लवकर लागतंच. लोकांना कव्हर दाखवायला मला घटस्थापना बरी वाटते, त्याआधी पितृपक्ष असतो आणि घरातले मोठे "आत्ता नको गं" म्हणतात, उगाच वाद कशाला. इंग्रजीत नाताळच्या लव्हस्टोऱ्या असतात ना, बर्फ, लाल-हिरवं, खिडकीत दिवे, त्या पण बऱ्याच वेळा ऑक्टोबरपासूनच यायला लागतात. वाचणाऱ्याला सणाच्या आधी मूड हवा असतो, भाऊबीज झाल्यावर पणतीचं कव्हर बघून कुणी थांबत नाही.

कव्हरनं काय सांगायचं ते ठरवा, सुंदर दिसणं नंतर

तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: ही प्रेमकथा आहे, दिवाळीची आहे, आणि कितपत तिखट आहे. तिसऱ्या गोष्टीवर नवीन लोक विचारच करत नाहीत. इंग्रजी रोमान्सच्या कव्हरवर हे ठरल्यासारखंच असतं, चपट्या रंगातलं कार्टूनसारखं जोडपं म्हणजे साधारण हलकंफुलकं, हसवणारं, आणि शर्ट काढलेल्या हिरोचा फोटो म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला कळलंच. (हल्ली कार्टून कव्हरच्या आत पण बरंच काही असतं आणि वाचक चिडतात, तो वेगळा विषय.) तुमच्या पुस्तकात हात हातात घेण्यापलीकडे काही नसेल तर बेडरूमवालं कव्हर लावू नका, आणि असेल तर रांगोळीचं सोज्ज्वळ कव्हर लावून काकू लोकांना फसवू नका. एक स्टारचे रिव्ह्यू तिथूनच येतात.

फोटो की चित्र? मी चित्राच्या बाजूची. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची रंगवलेली मुखपृष्ठं बघत आपल्या दोन-तीन पिढ्या दिवाळी अंक वाचत आल्या, त्यामुळे सण आणि चित्र हे आपल्या डोळ्यात एकत्र बसलंय. स्टॉक साइटवरची भारतीय जोडपी म्हणजे साड्यांच्या शोरूमची जाहिरात, दोघं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, एकमेकांकडे कुणीच बघत नाही. पण बजेट कमी असेल आणि फोटोच घ्यायचा असेल तर चेहरे टाळा. दोन हात, एक पणती, पाठमोरी मुलगी, चपलांचे दोन जोड, यावरही काम भागतं.

आणि प्रेमकथेच्या वाचकाला शेवट गोड हवा असतो. करड्या रंगात खिडकीशी एकटी बसलेली बाई दाखवलीत की त्याला वाटतं हिरो गेला.

ब्रीफ लिहायचा, फोनवर सांगायचं नाही

"काहीतरी फेस्टिव्ह आणि रोमँटिक करा ना" असं सांगितलंत तर काहीतरीच येईल. ब्रीफ म्हणजे काय हवं, काय नको ते एक पान लिहून द्या. गोष्ट पाच ओळीत, दोघांची वयं, केस, कपडे, चष्मा असेल तर चष्मा, जागा, दिवसाची वेळ, कव्हरवर जाणारा मजकूर अक्षर न अक्षर बरोबर टाइप केलेला, ईबुक की प्रिंट की दोन्ही, आवडलेली दोन-तीन कव्हरं आणि न आवडलेलं एक. न आवडलेलं का आवडलं नाही हे पण लिहा, डिझायनरला त्यातूनच जास्त कळतं.

मग 'काय नको' ची यादी. ही यादी मोठी झाली तरी चालेल. माझ्या ब्रीफमधलं जसंच्या तसं देते:

"घाट बनारसचा नको. नथ डाव्या नाकपुडीत. साडी सहावारी, डोक्यावर पदर नको. आकाशकंदील आपला, कागदी आणि झिरमिळ्यांचा, लाल चायनीज नको. रांगोळी ठिपक्यांची, फुलांची ओणमवाली नको. आकाशात फटाके नकोत. गुलाब नको, हार्ट तर अजिबात नको."

पहिलं वाक्य गंमत म्हणून लिहिलेलं नाही. नेटवर घाट आणि दिवे शोधलं की बहुतेक गंगेचेच फोटो येतात, मोठमोठ्या छत्र्या आणि लाकडी होड्या, आणि नाशिकबाहेरच्या डिझायनरला त्यात चूक काय ते कळणार नाही. नाशिककराला एका सेकंदात कळतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजणारी माणसं आपण, आपल्याला घाट फसवून दाखवता येत नाही. त्यामुळे स्वतः जाऊन फोटो काढा, रामकुंडाची बाजू, नारोशंकराची घंटा, पायऱ्यांचा दगड, सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जो निळा-जांभळा उजेड असतो तो, आणि सगळे फोटो डिझायनरला पाठवून द्या. गोष्ट पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला घडत असेल तर तिथला पार आणि वरची झाडाची सावली, गंगापूर रोडच्या मळ्यात घडत असेल तर द्राक्षाचे मांडव, पण दिवाळीच्या सुमारास वेलींवर पिकलेले घड लटकवू नका हं, हंगाम पुढे असतो, निफाडचा एक तरी वाचक मेसेज करणारच.

डिझायनर कुठे मिळतो

सगळ्यात स्वस्त आणि बेस्ट मार्ग म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जा (१८४० पासूनचं आहे, एवढ्या वर्षांची कव्हरं बघायला मिळतील), अलीकडची मराठी पुस्तकं काढा आणि आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' पुढे कुणाचं नाव आहे ते लिहून घ्या. एक दुपार घालवलीत की आवडणारी चार-पाच नावं हमखास मिळतात, मग इन्स्टाग्रामवर शोधायचं. कला महाविद्यालयातली मुलंही मस्त काम करतात, फक्त त्यांच्या परीक्षा कधी आहेत ते आधी विचारा.

पैशाचं सरळ बोलायचं: किती रफ दाखवणार, किती वेळा बदल करून देणार, प्रिंटचं पूर्ण कव्हर त्यातच का वेगळं, उघडी लेयरवाली फाइल (जिच्यात नंतर बदल करता येतात ती) देणार का. निम्मे आधी, निम्मे फाइल मिळाल्यावर, असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

आणि हक्कांचं लेखी घ्या, मैत्रीण असली तरी घ्या. कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा आहे तो, हक्क हस्तांतर लेखीच लागतं, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे नुसतं "सगळे हक्क लेखिकेला" लिहून सोडून दिलंत तर सहाव्या वर्षी, किंवा अमेरिकेतल्या वाचकाला ईबुक विकताना, प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे मुदत आणि "जगभर" हे दोन्ही शब्द घाला. ईबुक, छापील, ऑडिओ, पोस्टर, बुकमार्क, सगळं एका वाक्यात येतं. स्टॉक फोटो किंवा विकतचा फॉन्ट वापरला असेल तर त्याच्या लायसन्सची कॉपी पण मागा.

अक्षरं! इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंग्रजी कव्हरचे नियम इथे उचलून लावता येत नाहीत. आपल्या ओळीच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींचं शीर्षक घट्ट बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. माझ्या शीर्षकात तर 'र्यं' आहे, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. पहिल्या रफमध्ये मोठं बघताना छान दिसत होतं, पण मोबाईलवर छोटं केलं की दोन्ही चिकटून एकच ठिपका, आणि नाव वाचलं जातंय 'पाडव्यापर्यत'. डिझायनरनं मग ते अक्षर हातानं दुरुस्त केलं, रफार थोडा डावीकडे ओढला, अनुस्वार गोल आणि मोठा केला, आणि म्हणाला, "ताई, ह्या एका टिंबावर माझी अख्खी संध्याकाळ गेली." पण आता बघा, नखाएवढं केलं तरी वाचता येतं!

तर शीर्षक ठरवतानाच त्यातली जोडाक्षरं मोजा. शीर्षक बदलणार नसाल तर सुटसुटीत, पोटं उघडी असणारा (अक्षरातली मोकळी जागा बुजत नाही असा) फॉन्ट घ्या. फुकट आणि धंद्यासाठी चालणारे युनिकोड फॉन्ट (मोबाईलवर टाइप करतो तसे) भरपूर आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' कंपनीचे मुक्ता, बालू, शिवाय तिरो देवनागरी मराठी वगैरे. ल आणि श आपल्या वळणाचे येतायत का ते बघा, बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे देतात आणि मग कव्हर कुठंतरी परकं वाटतं. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की आपोआप बदलतात, ही सेटिंग डिझायनरला सांगा. फोटोशॉपमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' ही सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ज्याला मराठी वाचता येत नाही असा डिझायनर असेल तर त्याला हे दिसणारच नाही, हे काम तुमचंच.

प्रेसमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी कोरलड्रॉ आणि जुने श्रीलिपी फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर तिकडे उघडला की कचरा दिसतो. त्यामुळे प्रेसला द्यायच्या फाइलमध्ये सगळी अक्षरं 'कर्व्ह' करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) द्यायची, आणि कर्व्ह न केलेली एक कॉपी स्वतःकडे ठेवायची, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला साधा काना बदलायचा तरी पुन्हा पहिल्यापासून.

साइज, आकडे वगैरे

ईबुक सोपं आहे. किंडलला उंची २५६०, रुंदी १६०० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग), जेपेग. कडा पांढऱ्या असतील तर बारीक करडी बॉर्डर घ्या, नाहीतर कव्हर स्क्रीनमध्ये विरघळतं. कव्हरवरचं नाव आणि माहितीत भरलेलं नाव सेम पाहिजे, एकीकडे 'एक दिवाळी प्रेमकथा' अशी टॅगलाइन शीर्षकात घातली आणि दुसरीकडे नाही असं नको.

प्रिंटला मात्र पुढचं, मागचं आणि मधला कणा मिळून एकच फाइल लागते, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग), चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). कण्याची जाडी कागदावर ठरते. उदाहरणार्थ डेमी साइज, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, १६० पृष्ठं म्हणजे ८० कागद, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण एक दशांश मिमीच्या आसपास जाड, म्हणजे कणा ८ मिमीपर्यंत. पुढचं-मागचं मिळून २७९ मिमी, अधिक ८, अधिक दोन्हीकडचं ब्लीड ६, झाली २९३ मिमी रुंदी आणि उंची २२२ मिमी. हा फक्त अंदाज यावा म्हणून, खरा आकडा प्रेसवाल्याकडून त्याच्या कागदाचाच घ्या, आणि आतली पानं फायनल झाल्याशिवाय कणा करूच नका. कोऱ्या कागदाची डमी बांधून मागितली तर बरेच जण देतात.

रंगांचं दुःख वेगळंच. स्क्रीनवर जो झगमगीत जांभळा आणि पणतीचा केशरी दिसतो तो छापल्यावर थोडा बसतोच, सीएमवायकेत तेवढी चमक येत नाही. त्यातून मॅट लॅमिनेशन केलं तर अजून एक घर खाली. माझ्यासारखं संध्याकाळचं गडद कव्हर असेल तर आकाश मुद्दाम एक शेड उजळ ठेवायला सांगा. मॅट हाताला छान लागतं पण गडद रंगावर बोटांचे, घासल्याचे डाग दिसतात. ग्लॉस स्वस्त वाटतो म्हणतात लोक, मला दिवाळीच्या पुस्तकाला ग्लॉस आवडतो, काय करायचंय करा. पणतीच्या ज्योतीवर तेवढी फॉइल मारायचा मोह होतो, पण थोड्या प्रतींना ते महाग जातं. आर्टकार्ड २५० ते ३०० जीएसएमचं घ्या. आणि प्रूफ त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसकट मागा.

मलपृष्ठावर पाठराखण (पुस्तकाची थोडक्यात ओळख), तुमचा फोटो (ऐच्छिक), किंमत आणि आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबरचा, बारकोड. आयएसबीएन राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट असतो, कुणी एजंट पैसे मागत असेल तर नमस्कार करा. अर्ज लवकर टाका, शेवटच्या आठवड्यात नाही. नंबर ९७८ नंतर ८१ किंवा ९३ नं सुरू होतो. बारकोड पांढऱ्या चौकोनात काळा, तिथे डिझायनरची कलाकारी नको. पाठराखणीचा मजकूर काळ्यात असेल तर नुसता काळा, चार रंग मिसळून केलेला काळा नको, छपाई केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत सावली येते. गडद चित्रावर बारीक पांढरी अक्षरं पण टाळा, शाई पसरते आणि अनुस्वार बुजतात.

एआयनं करू का?

विचारतात सगळे. करू शकता, पण किंडलवर टाकताना कव्हरचं चित्र एआयनं बनवलंय का ते सांगावं लागतं, तिथे खोटं बोलू नका. दुसरं म्हणजे त्याला आपला सण नीट माहीत नाही. नथ उजवीकडे, मंगळसूत्र भलत्याच घाटणीचं, नऊवारीला काष्टाच नाही, पणतीला दोन वाती आणि धूर, आणि देवनागरी लिहायला सांगितलं तर कुठल्यातरी ग्रहावरची लिपी. माझा सल्ला, डिझायनरला मनातलं दाखवण्यापुरता रफ म्हणून वापरा, त्याच्या पुढे नाही. माणसानं काढलेल्या चित्रात हिरोच्या हातावरून वाऱ्याची बाजू कुठली याचा विचार करून ज्योत वाकवलेली असते, मी तेच बघत बसलेय सकाळपासून.

फायनल फाइल आली की एक रात्र कुणालाही पाठवू नका

अवघड आहे, मला माहितीये! पण तेवढं करा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि डीपीच्या आकाराचं करून बघा, वाचता येतंय का. काळं-पांढरं करून बघा, शीर्षक चित्रातून उठून येतंय का, किंडलच्या साध्या मशीनवर ते तसंच दिसणार आहे. मग घरातल्या कुणाला तरी, ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही, दोन सेकंद दाखवून फोन उलटा ठेवा आणि विचारा, "कशाबद्दल असेल?" "दिवाळीत कुणाचंतरी जमतं" असं उत्तर आलं तर झालं. "देवीचं पुस्तक आहे का?" असं आलं तर डिझायनरला फोन. शेवटी प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचा, कण्यावरचा पण, तुमचं स्वतःचं नाव पण. नाव कुणी तपासत नाही, प्रत्येकाला वाटतं हे तर बरोबरच असणार.

मग दाखवा! पण दाखवताना प्रीऑर्डरची लिंक किंवा निदान तारीख तयार ठेवा, लोक "कुठे मिळेल" विचारतात तेव्हा "सांगते लवकरच" म्हटलं की पुन्हा येत नाहीत. चित्रकाराचं नाव त्याच पोस्टमध्ये, पहिल्या दोन ओळीत. सूचना तर येणारच, मामा म्हणतील मुलीची साडी हिरवी हवी होती, मैत्रीण म्हणेल हिरोला दाढी दे, कुणीतरी म्हणेल दिवे कमी वाटतात. फाइल प्रेसला गेलेली असेल तर सगळ्यांना एकच उत्तर द्या, "हो, पुढच्या आवृत्तीला नक्की बघते."